मोटर बसेल, पण टेकेल कशावर?

खोक्यातून मोटर निघते, कंट्रोलर निघतो, हँडलला लावायचा थ्रॉटल निघतो, साखळीचा एक तुकडा आणि वाकवलेली एक लोखंडी पट्टी निघते. पट्टी सायकलीच्या नळीला लावून पाहावी, तर तिची भोकं एकीकडे आणि मोटरच्या बुडाची भोकं दुसरीकडे. चारपैकी दोन कशीबशी समोरासमोर येतात, उरलेली दोन पाच-सहा मिलिमीटरनी चुकतात. ही अडचण कुठल्याही गावात येईल. पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ती आली की तिच्यावर वाद होतो, कारण इथे धातूला भोक पाडणं हे हजारो घरांचं पोट आहे. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली. तेव्हापासून आधी पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण अशा ठिकाणी माणसं रोज सकाळी उठून भोकं पाडायला, आटे काढायला आणि ते गेज लावून तपासायला जातात. त्यांच्यासमोर न जुळणारं भोक ठेवलं की ती गप्प बसत नाहीत.

त्या वादाच्या दोन बाजू मी अनेकांकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकल्या आणि इथे दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. आप्पा एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर. ताई भोसरीत फॅब्रिकेशनचं शेड चालवते. शेड वडिलांनी उभं केलं, मेकॅनिकलचा डिप्लोमा तिचा. आप्पा तिच्या वडिलांचे जुने सोबती, त्यामुळे ते तिला हक्काने बोलतात आणि तीही त्यांना हक्काने उलटून बोलते. दोघांच्या मध्ये स्टँडवर आहे जुन्या घडणीची, काळ्या रंगाची बावीस इंची सायकल. मोशीहून निघोज्याला पाळीवर जाणाऱ्या एका कामगाराची.

आप्पा : अगं, ग्राइंडर खाली ठेव आधी. फ्रेमला हात लावू नकोस.

ताई : फ्रेमला कुठे लावतेय, आप्पा? पट्टीचीच भोकं लांबवते. पाच मिलिमीटरचा तर प्रश्न. गोल कानस घेतली की दहा मिनिटांत बोल्ट जातोय. त्याला उद्या पहिल्या पाळीला जायचंय.

आप्पा : बोल्ट गेला म्हणजे मोटर बसली असं नाही. भोकं कोणत्या दिशेला चुकलीत ते पाहिलंस का? साखळीच्या दिशेने, की आडवी?

ताई : दोन जराशी साखळीच्या दिशेने, दोन तिरकी.

आप्पा : तिरकी म्हणजे दोन्हीकडे चुकलेली. एम६च्या बोल्टला भोक हवं ६.६चं. तू कानस चालवलीस की ते दहाचं होणार, वर एका टोकाला फुगीर. बोल्ट त्यात आपल्या मर्जीने बसेल. आज सरळ, उद्या वाकडा.

ताई : आता माझं ऐका. भोक भार घेतं असं तुम्ही धरून चालता. भोक भार घेत नाही, हिशेबच करून दाखवते. मोटर २५० वॅटची, गिअरवाली, शाफ्टला मिनिटाला साधारण ३०० फेरे. म्हणजे पीळ आठ न्यूटन-मीटर. शाफ्टवर अर्ध्या इंची साखळीचं नऊ दाती स्प्रॉकेट, त्याची त्रिज्या साडेअठरा मिलिमीटर. भागाकार केला की साखळीतली ओढ निघते ४३० न्यूटन, म्हणजे ४४ किलो. निघताना दुप्पट धरा, नव्वदच्या आत. आता ८.८ ग्रेडचा एम६ बोल्ट १० न्यूटन-मीटरने आवळला की तो दोन पत्रे ९०० किलोच्या आसपास जोराने एकमेकांवर दाबून धरतो. लोखंडावर लोखंडाचं घर्षण हात राखून ०.१५ धरलं तरी एका बोल्टमागे १३५ किलो, चारांचे ५४०. नव्वद कुठे आणि पाचशे चाळीस कुठे! मोटर घर्षणावर बसते, भोकाच्या कडेवर नाही. मग भोक गोल असलं काय आणि लांबट असलं काय?

हा हिशेब बरोबर आहे, आणि तो माहीत नसल्यामुळेच बरीच दुकानं चुकतात. बोल्ट म्हणजे भोकात ठोकलेली खुंटी आणि मोटर त्या खुंटीला अडून राहते, असा सर्वसाधारण समज असतो. तसं असतं तर भोकाचा एक दशांश मिलिमीटरही महत्त्वाचा ठरला असता. प्रत्यक्षात आवळलेला बोल्ट ताणला जातो, आणि त्या ताणाने दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून राहतात. ताण आहे तोवर मोटर हलत नाही. ताईचं शिक्षण इथे दिसतं. पण आप्पांनी तोच हिशेब पुढे नेला.

आप्पा : आकडे बरोबर आहेत, पोरी. पण ते पहिल्या दिवसाचे आहेत. पट्टीला पावडर कोटिंग, फ्रेमला रंग. रंग दाबाखाली हळूहळू पिचतो आणि बोल्टचा ताण उतरतो. लांबवलेल्या भोकावर बोल्टचं डोकं दोन कडांवर टेकतं, मध्ये पोकळी. पातळ वायसर त्या पोकळीत दबतो, अजून ताण उतरतो. आणि नऊ दाती, ३०० फेरे, म्हणजे तासाला एक लाख बासष्ट हजार वेळा दात साखळीला लागतो. वरून नाशिक रस्त्याचे खड्डे. ताण एकदा गेला की घर्षण गेलं, आणि मग सगळा भार त्या फुगलेल्या भोकाच्या कडेवर.

ताई : मग जोडाच्या जागेचा रंग खरवडते, तीन मिलिमीटरचा जाड वायसर घालते, नायलॉक नट लावते आणि आठवड्याने सायकल परत बोलावते. झालं?

आप्पा : घर्षणाचं झालं. साखळीच्या रेषेचं काय?

इथून पुढचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मोटरवरचं स्प्रॉकेट आणि मागच्या चाकावरचं फ्रीव्हील एकाच प्रतलात असावं लागतं. वरून पाहिलं तर साखळी एका सरळ रेषेत दिसली पाहिजे. आडवा फरक एखाद्या मिलिमीटरच्या आत असेल तर साखळी तो सोसते. त्याहून वाढला, किंवा मोटर किंचित फिरून बसली, की दाताची बाजू साखळीच्या पट्टीला घासायला लागते. आधी आवाज येतो, मग दात एका बाजूने झिजतात, आणि एखाद्या चढावर साखळी उतरते. पायडलची साखळी उतरली तर माणूस पाय थांबवतो, प्रश्न मिटतो. मोटरची साखळी उतरताना मोटर फिरतच असते. ती साखळी स्पोकमध्ये ओढली गेली तर चाक जागेवर अडकतं. मागून कंटेनर येत असलेल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो, हे चाकणला जाणाऱ्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही.

आप्पा : म्हणून सांगतो, साखळीच्या दिशेने भोक हवं तेवढं लांबव. मीच कानस आणून देतो. त्या दिशेने स्लॉट लागतोच, नाहीतर साखळी ताणणार कशी? मधोमध बोटाने दाबल्यावर दहा-पंधरा मिलिमीटर खाली गेली पाहिजे, आणि साखळी जुनी होईल तशी मोटर मागे सरकवावी लागणार. पण आडव्या दिशेने अर्धा मिलिमीटरही वाढवायचं नाही. तिथे भोक चुकलं असेल तर दुसरी पट्टी.

ताई : म्हणजे स्लॉट चालतो तुम्हाला!

आप्पा : दिशा माहीत असलेला चालतो.

ताई : मग इतका वेळ मला पापी का ठरवत होता? चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत बॉडीचा पत्रा फिक्स्चरवर कसा बसवतात? एक गोल भोक, एक लांबट. गोल भोकात फोर-वे पिन, ती चारी बाजूंनी पत्रा अडवते. लांबट भोकात टू-वे पिन, ती फक्त फिरणं अडवते. दोन्ही भोकं गोल ठेवली तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक आला तरी पत्रा बसणार नाही. एवढाले रोबो लावून वेल्डिंग करणारे लोकसुद्धा भोकं तंतोतंत जुळतील असं धरून चालत नाहीत. न जुळण्याची जागा ते आधीच ड्रॉइंगमध्ये ठेवतात.

आप्पा : अगदी बरोबर. आधीच, आणि ड्रॉइंगमध्ये. तू ती ठेवतेस बोल्ट अडल्यावर, कानसीने.

ताई यावर थोडा वेळ काही बोलत नाही. पण मागेही हटत नाही. तिच्यापुढे दुसरा मार्ग असतोच.

ताई : बरं, पट्टीच नको. मोटरच्या बुडाला आठ मिलिमीटरचा तुकडा लावते आणि तो बीबीपासून, म्हणजे पायडलच्या धुऱ्याच्या नळीपासून, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर टाकते वेल्ड करून. दोन टाके. भोक जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

आप्पा : ती सायकल लगची आहे. नळ्या लगमध्ये घालून पितळी ब्रेझिंग केलेलं असतं. ते पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, आणि तुझा आर्क त्याच्या कितीतरी पट तापतो. लगच्या शेजारी टाका मारलास की आतला जोड हलला. दिसणार काहीच नाही, वरून रंग मारला की सायकल नवी. आणि उद्या कोणी ॲल्युमिनियमची फ्रेम घेऊन आला तर? ६०६१चं ते ॲल्युमिनियम कारखान्यात तापवून, पाणी देऊन ताकदीला आणलेलं असतं. वेल्डच्या आजूबाजूला ती ताकद निम्म्यावर येते. परत भट्टीत घालणार आहेस का फ्रेम?

ताई : ॲल्युमिनियमला मी हात लावत नाही. लोखंडाच्या नळीला सरळ ड्रिल मारून आरपार बोल्ट घातला तर?

आप्पा : बीबीच्या जवळ? जिथे पायाचा सगळा जोर येतो तिथे? नळीची भिंत किती जाड ते मोज एकदा. अप्रेंटिस असताना आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती : ओढल्या जाणाऱ्या पत्र्याला लहान भोक पाडलं की त्याच्या कडेवरचा ताण तिप्पट होतो.

तिप्पट हा आकडा ऐकीव नाही. जर्मन अभियंता अर्न्स्ट किर्श याने तो १८९८ साली गणिताने सिद्ध केला, आणि विमानाच्या खिडक्यांपासून पुलाच्या तुळयांपर्यंत सगळीकडे तो पाळला जातो. सायकलीची फ्रेम एका धक्क्याने मोडत नाही. लाखो छोट्या धक्क्यांनी थकते, आणि तडा जातो तो नेमका भोकाच्या कडेपासून. शिवाय पावसाळ्यात त्या भोकातून पाणी नळीत शिरतं आणि गंज आतून चढतो. बाहेरून तपासणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

ताई मात्र लोखंडाचं बोलणं सोडून माणसावर आली, आणि तिथे तिची बाजू भक्कम आहे.

ताई : आप्पा, हे सगळं मला मान्य. पण हा माणूस कोण आहे ते पाहा. ठेकेदाराकडे कामाला. कंपनीची बस कायम कामगारांना, त्याला नाही. पीएमपीची बस त्याच्या पाळीच्या वेळेला मिळेल याची खात्री नाही. तयार ई-सायकल घ्यायला पैसे नाहीत, स्कूटर तर लांबच. त्याच्याकडे वडिलांची ही सायकल आहे आणि साठवून घेतलेली ही मोटर आहे. मी ड्रॉइंग काढते, पट्टी करते, चार दिवसांनी या म्हटलं तर तो पुढच्या दुकानात जाईल. तिथे फ्रेमला ड्रिल मारून, दोन बोल्ट ठोकून तासाभरात सायकल त्याच्या हातात देतील. माझ्या हातून दहा आणे बरं काम होणार असेल तर ते करू नको का?

आप्पा : गरिबाची सायकल म्हणून नियम कमी लावायचे? आम्ही कारखान्यात एका बोल्टला टॉर्क पाना लावतो, रंगाची खूण करतो, वहीत सही करतो. मोटारीच्या गिऱ्हाइकाचा जीव वेगळा आणि याचा वेगळा का?

ताई : जीव सारखाच. खिसा सारखा नाही. आणि मला सांगा, नीट घडवलेलंच यंत्र लोकांना द्यायचं असं सगळ्यांनी ठरवलं असतं तर होंडा कुठून आली असती? १९४६ साली सोइचिरो होंडा यांनी सैन्याच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी उरलीसुरली छोटी इंजिनं घेतली आणि सायकलींना लावली. पुढे १९५२ साली सायकलीला लावायचं कब एफ इंजिन निघालं, तेव्हा त्यांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी जपानभरच्या पंचावन्न हजार सायकल दुकानांना पत्रं पाठवली. सायकलवाल्यांनीच ते विकायचं, त्यांनीच बसवायचं. गल्लीतल्या दुकानदारावर विश्वास टाकला त्यांनी.

आप्पा : आणि आपल्याकडे? १९७२ साली हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. पन्नास सीसी, पायडल असलेली. तिच्याकडे नीट पाहिलंस का कधी? पायडल सायकलीचे, पण फ्रेम सायकलीची नाही. इटलीच्या पियाजिओच्या चाओवरून घेतलेली, इंजिनासाठीच घडवलेली. म्हणून घरातल्या बाईने, कॉलेजच्या पोराने, शिक्षकाने ती वर्षानुवर्षं बिनघोर चालवली. २०२४च्या फेब्रुवारीत तीच लूना विजेवर आली, तीही नव्या चॅसिसवर. जुन्या लूनाला मोटर टांगून नाही.

दोघांनी आपापल्या सोयीचा इतिहास काढला आहे, आणि दोन्ही खरे आहेत. मला त्यांच्यामध्ये पडणारी तिसरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. १९५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये सायकलमास्टर नावाचं इंजिन विकलं जाई. ते अख्खं मागच्या चाकातच बसवलेलं होतं. जुनं चाक काढायचं, हे घालायचं. फ्रेमला भोक पाडायची वेळच येत नसे. आज बाजारात मिळणाऱ्या हब मोटरची कल्पना तीच आहे, फक्त पेट्रोलच्या जागी वीज. पण तिथेही न जुळण्याचा प्रश्न संपत नाही, तो भोकातून एक्सलवर सरकतो. एक्सलच्या चपट्या बाजू फ्रेमच्या खाचेत ढिल्या बसल्या तर मोटर चाकाऐवजी एक्सललाच फिरवते, खाच फाडते आणि वायर तोडते. तिथे टॉर्क आर्म म्हणून वेगळी पट्टी लावावीच लागते. मोटरचा उलटा जोर कुठेतरी जातोच. तो कुठे जावा हे बसवणाऱ्याने ठरवायचं असतं.

ताई : मग बोला ना, याच्या सायकलीवर तो कुठे जावा?

आप्पा : पट्टीवर. मोटर पट्टीला, पट्टी फ्रेमला. मधली पट्टी सहा मिलिमीटरची, माइल्ड स्टीलची. तीन मिलिमीटरची नको, ती साखळीच्या ओढीने वाकते आणि स्प्रॉकेट तिरपं होतं. पट्टीला मोटरच्या बाजूने चार स्लॉट, साखळीच्या दिशेने, एकमेकांना समांतर, रुंदी ६.६. मोटर मागे-पुढे सरकेल पण फिरणार नाही. फ्रेमच्या बाजूला भोक नाही, क्लॅम्प. नळीच्या व्यासाचं अर्धगोल दोन्हीकडून. नुसता यू-बोल्ट आवळलास तर नळी चपटी होईल.

ताई : एकाच नळीला क्लॅम्प केला तर तो नळीभोवती फिरेल.

आप्पा : म्हणून दोन नळ्या धरायच्या. बसण्याची उभी नळी आणि मागे जाणारी खालची. दोन्ही धरल्या की पट्टी फिरायला जागा नाही.

ताई : डाव्या बाजूला जागा मोकळी आहे. तिकडे लावू? उजवीकडे पायडलची साखळी आड येते.

आप्पा : उजव्या आट्याचं साधं फ्रीव्हील डावीकडे लावलंस तर मोटर फिरली तरी ते मोकळंच फिरेल, आणि उलटून लावलंस तर ओढताना आपोआप उघडत जाईल. डावीकडे लावायचं तर आटे डावे हवेत आणि फ्रीव्हीलही उलट्या दिशेचं. उजवीकडेच ठेव, दुहेरी फ्रीव्हील घाल.

ताई आता पुठ्ठ्याचा तुकडा घेते. मोटरचं बूड त्यावर ठेवून पेन्सिलीने भोकं उतरवून घेते. आप्पा स्क्राइबर आणि सेंटर पंच काढतात. तिचं म्हणणं असं, की एवढ्या खटाटोपाची गरज नाही : पुठ्ठ्यावरून मापं घेऊन कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला अर्धा तास, आणि शेजारच्या गल्लीत लेझर कटिंगचं जॉब वर्क करणारा सहा मिलिमीटरची पट्टी दुपारपर्यंत कापून देतो. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. स्लॉटच्या कडा कानसीपेक्षा सरळ. पूर्वी असे पट्टीचे तुकडे ती कुदळवाडीच्या भंगार बाजारातून आणायची. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली बांधकामं पाडली, तेव्हापासून नवा पत्रा घ्यावा लागतो. खर्च वाढला, पण पत्र्याची जाडी आणि जात निदान माहीत असते.

आप्पा : आणि वेग किती होणार ते सांगितलंस का त्याला?

ताई : नऊ दातींवरून अठरा दातींवर, म्हणजे चाकाला मिनिटाला दीडशे फेरे. या चाकाचा घेर सव्वादोन मीटरला थोडा कमी. ताशी वीस किलोमीटर. वेग कायद्याच्या आत.

आप्पा : पुष्कळ जण पाचशे वॅट मागतात म्हणे.

ताई : मागतात. मी लावत नाही.

कायद्याची रेषा थोडक्यात सांगायला हवी. केंद्रीय मोटर वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशा विजेच्या दुचाकीला मोटर वाहन मानत नाहीत. पायडल मारताना मदत करणारी मोटर असेल तर ती २५च्या वेगाला किंवा पाय थांबताच बंद व्हायला हवी. ही रेषा ओलांडली की नोंदणी, परवाना, विमा सगळं लागू होतं, आणि अपघात झाल्यावर ते नव्हतं हे समजणं फार महागात पडतं. या गोष्टी तपासणाऱ्या संस्था आपल्या दारातच आहेत : पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय, तिचं चाकणचं केंद्र, आणि भोसरीत सीआयआरटी. पण त्या तपासतात कंपनीचं मॉडेल. वडिलांच्या सायकलीला लावलेली मोटर त्यांच्यापर्यंत कधी पोचत नाही. तिची तपासणी ताईच्या शेडमध्ये होते, नाहीतर होतच नाही.

ब्रेकचं बोलणं दोघांनी एका वाक्यात संपवलं, कारण तिथे मतभेद नव्हता. ओल्या, क्रोम केलेल्या रिमवर सळईचे ब्रेक वीसच्या वेगाला अपुरे पडतात. रबरं नवी घालायची, आणि ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विच लावल्याशिवाय सायकल बाहेर द्यायची नाही.

माझं मत मी लपवत नाही. फ्रेमच्या बाबतीत आप्पा पूर्ण बरोबर आहेत. जुन्या सायकलीच्या नळीला ड्रिल किंवा वेल्ड लावणं हे काम घाईचं असलं, गिऱ्हाईक गरीब असलं, तरी चूकच. पण हे काम कोणी करायचं, या प्रश्नावर मी ताईच्या बाजूने आहे. तिने नाकारलं तर ते थांबत नाही, अधिक वाईट हातात जातं. आणि स्लॉटची तिला लाज वाटायचं कारण नाही. चाकणच्या कारखान्यांतला पत्राही एका गोल भोकावर आणि एका स्लॉटवरच बसतो. आप्पांकडे जी शिस्त आहे ती पुष्कळदा कारखान्याच्या गेटच्या आतच राहिली. निवृत्त झालेल्या शेकडो फिटरांच्या हातात ती आहे, आणि चार गल्ल्या सोडून गोल कानसीने भोकं फुगवली जात आहेत. या पट्ट्याने साठ वर्षांत जे शिकून घेतलं ते सायकलीच्या दुकानापर्यंत आणणं अवघड नाही. अर्धं काम एका पट्टीच्या ड्रॉइंगचं आहे.

दोष मी देतो तो खोकं भरणाऱ्यांना. मोटरच्या बुडाची मापं छापलेला एक कागद आत घालायला काहीच खर्च येत नाही. तो नसतो म्हणून प्रत्येक दुकानात पुठ्ठा नव्याने कापला जातो, आणि पुठ्ठा कापायला वेळ नसेल तिथे फ्रेम कापली जाते. मोटर विकणाऱ्यांनी तो कागद घालावा. मोरवाडीच्या आयटीआयसारख्या संस्थांतल्या मुलांनी बाजारात चालणाऱ्या मोटरी मोजून, बावीस आणि चोवीस इंची सायकलींसाठी एक पट्टी आणि एक क्लॅम्प काढून द्यावा. लघुउद्योजकांच्या संघटनेने तो कोणालाही फुकट कापून घेता येईल असा खुला ठेवावा.

आणि तुम्ही स्वतः सायकलीला मोटर लावून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा : पट्टी किती मिलिमीटरची आहे आणि स्लॉट कोणत्या दिशेला आहेत. उत्तर मिळालं नाही, किंवा तो फ्रेमला ड्रिल लावताना दिसला, तर सायकल घेऊन तिथून निघा.